सहीपुरती साक्षरता

२०११ च्या जनगणनेने रायगड जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के नोंदविले. ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात खोताच्या कागदावर अंगठा उमटविण्यापलीकडे बहुसंख्य कुळांचा अक्षराशी संबंध येत नव्हता, त्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही मजल लहान नाही. तथापि या आकड्यावर समाधान मानण्यापूर्वी त्याचा अर्थ तपासला पाहिजे. सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. घरोघर फिरणारा प्रगणक मात्र कुणापुढे पुस्तक धरत नाही की कुणाच्या हाती पेन्सिल देत नाही. घरातील माणूस सांगेल ते तो लिहून घेतो. ज्याला सही करता येते तो स्वतःला साक्षर म्हणवितो, आणि त्यात त्याची लबाडी नसते. शाळेने साक्षरतेचा एवढाच अर्थ त्याच्या पदरात टाकलेला असतो.

आज शाळेत बसणाऱ्या मुलांची स्थिती काय आहे? ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली जेमतेम निम्मी होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या घरात घसरले आणि २०२४ साली पुन्हा निम्म्याच्या जवळ आले. एवढे करूनही ही पाहणी मुलाला उतारा वाचता येतो की नाही, इतकेच सांगते. वाचलेल्या मजकुराविषयी त्याला काही म्हणावयाचे आहे काय, आणि असल्यास ते कागदावर उतरविण्याचे धैर्य त्याच्या अंगी आले आहे काय, हे त्या आकड्यांतून कळत नाही. लोकशाही समाजवादावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र तोच आहे.

कागद कुणाच्या हाती?

या किनाऱ्याचा इतिहास हा एका अर्थाने कागदाच्या मालकीचा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील खारेपाटात चरी येथून १९३३ साली जो शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, टिकला, तो खोतीच्या जुलमाविरुद्धचा संप होता. खोताच्या जुलमाचे एक हत्यार त्याच्या दप्तरात होते. कबुलायत लिहिणार खोताचा कारकून, वाचणार खोताचा कारकून, आणि अंगठा तेवढा कुळाचा. समुद्राला बांध घालून ज्याने खाजण पिकविले, त्याला आपण कशास मान्यता दिली हे वाचता येत नव्हते. नारायण नागू पाटील यांनी हे नेमके ओळखले होते. संप चालू असतानाच, १९३७ साली, त्यांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेतातील लढा, छापील अक्षर आणि कायद्याचा मसुदा या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या, म्हणून तो लढा इतिहासात टिकला.

खोत गेले, परंतु कागद गेला नाही. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांवर तो १९७० पासून भूसंपादनाच्या अधिसूचनेच्या रूपाने आला. त्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे विशेष आर्थिक क्षेत्राच्या नावाने तोच कागद पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत फिरला. या वेळी मात्र शेतकऱ्यांनी नोटिसा वाचल्या, लेखी हरकती दिल्या, कायद्यातील कलमे समजून घेतली. आणि सरकारला २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. मोर्चाइतकीच हरकतीच्या अर्जालाही धार असते, हा धडा या जिल्ह्याने स्वतः घेतलेला आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची आणि शाळांचीही छपरे उडाली. त्यानंतर पंचनामे झाले. आपल्या वाडीतील किती माड पडले असे पंचनाम्यात लिहिले आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहणारे किती होते? चूक आढळल्यास चार ओळींचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिणारे किती होते? मच्छीमाराचा डिझेल परतावा असो, कुळाचा सातबारा असो वा कातकऱ्याचा जातीचा दाखला असो, प्रत्येक ठिकाणी माणूस अर्ज लिहून देणाऱ्याच्या दारात उभा राहतो. खोताच्या कारकुनाची जागा आज दलालाने घेतली आहे, एवढाच फरक.

तेव्हा मुलाला आत्मविश्वासाने वाचता-लिहिता येणे हा केवळ शिक्षणखात्याच्या गुणवत्ता-तक्त्यातील एक रकाना नव्हे. तो सत्तेच्या वाटपाचा प्रश्न आहे, आणि त्याची पहिली लढाई पहिलीच्या वर्गात होत असते.

‘पानी’ चुकले कोठे?

त्या वर्गात नेमके काय घडते? आगरी वा कोळी घरातील सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ एक पूर्ण भाषा असते. त्या भाषेत ते भांडते, गोष्ट सांगते, घासाघीस करते. भरती-ओहोटी, भांग आणि उधाण यांतील भेद त्याला ठाऊक असतो. बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा ते नजरेने ओळखते. त्याच्या बोलीत ‘मला’ नसते, ‘मना’ असते. ‘गाडी’ नसते, ‘गारी’ असते. ‘ण’ आणि ‘ळ’ हे उच्चार त्याच्या घरात फारसे ऐकू येत नाहीत, त्यांच्या जागी ‘न’ आणि ‘ल’ येतात. असे मूल एके दिवशी वहीत ‘पानी’ असे लिहिते. गुरुजी त्यावर लाल शाईने फुली मारतात आणि ‘पाणी’ हा शब्द दहा वेळा लिहावयास सांगतात.

वस्तुतः त्या क्षणी मुलाने एक मोठी गोष्ट साध्य केलेली असते. कानाने ऐकलेला ध्वनी आणि कागदावरचे चिन्ह यांची सांगड त्याने स्वतःच्या बुद्धीने घातलेली असते. त्याच्या घरात जो उच्चार आहे तोच त्याने बिनचूक लिहिला आहे. लेखनकलेचे मर्म त्याला कळले, याचा हा पुरावा आहे. शाळा मात्र तो पुरावा चूक म्हणून खोडून टाकते. मुलाने यातून कोणता बोध घ्यावा? आपला कान खोटा, आपली आई बोलते ते अशुद्ध, आणि फळ्यावरचे जसेच्या तसे उतरविणे हाच सुरक्षित मार्ग, हाच बोध ते घेते. त्या दिवसापासून ते लिहिणे थांबविते आणि नक्कल करू लागते.

शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी थोडा इतिहासही आठवावा. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले. त्यापूर्वी ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे लिहिणारा शुद्ध ठरत असे. त्यानंतर तोच विद्यार्थी अशुद्ध ठरू लागला. विद्वानांच्या सोयीसाठी नियम एका ठरावाने बदलू शकतात, तर सहा वर्षांच्या मुलाला त्या नियमांपर्यंत पोहोचण्यास दोन-तीन वर्षांची सवड देणे अशक्य का मानावे?

मुरूड तालुक्यातील कोर्लई गावाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कुंडलिकेच्या मुखाशी किल्ल्याच्या पायथ्याला राहणारा तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली घरात बोलत आला. पोर्तुगीज सत्ता १७४० साली येथून गेली. बोली मात्र आईच्या तोंडून मुलाकडे जात राहिली. तिला ना लिपी होती, ना पाठ्यपुस्तक, ना राजाश्रय. दोन-अडीच शतके निव्वळ बोलण्यावर एक भाषा टिकविणाऱ्या माणसांची मुले भाषेत ‘कच्ची’ असतात, असे म्हणण्यास कोण धजेल? कच्ची असलीच तर ती शाळा, जिला मुलाच्या भाषेपासून आपल्या भाषेपर्यंत पूल बांधता येत नाही.

राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर आले. बोली त्या कलमाच्या कक्षेत येते किंवा नाही, हा वाद वकिलांनी घालावा. कातकरी घरातील मुलाला मात्र प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते, हे वास्तव कोणत्याही वर्गात अर्धा तास बसणाऱ्यास दिसेल.

समुद्रकाठचा निबंध

नक्कल करण्याची ही सवय वरच्या वर्गांत निबंधाचे रूप घेते. ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ हा विषय शाळांना फार प्रिय आहे. कोळीवाड्यातील विद्यार्थी मार्गदर्शकातून पाठ केलेला निबंध लिहितो. त्यात तांबूस सूर्यबिंब असते, वाळूतले किल्ले असतात, भेळ असते आणि घरी परतताना मनाला वाटणारी हुरहूर असते. हा निबंध मुंबईहून सहलीला आलेल्या मुलाचा आहे. संध्याकाळी होडी परतली नाही की घरात काय होते, डोल जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक अधिक आले तर तांडेल काय बोलतो, बर्फाच्या भावावरून आईचे आणि व्यापाऱ्याचे काय भांडण होते, हे त्या मुलाला ठाऊक आहे. परंतु ते लिहिण्याजोगे आहे, असे त्याला कुणी सांगितलेले नाही. त्यास दहापैकी सात गुण मिळतात आणि आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही नाही, ही समजूत कायमची मिळते.

याउलट घडले तर काय होऊ शकते, याची साक्ष महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांपासून उपलब्ध आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. ती मुलगी अवघ्या काही वर्षांची विद्यार्थिनी होती. पण तिला कुणी सूर्यास्तावर लिहावयास लावले नाही. तिच्या गुरूंनी तिच्या अनुभवाला विषयाचा मान दिला, आणि अस्पृश्यांच्या जगण्याचा जाब विचारणारा दस्तऐवज निर्माण झाला. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असा आग्रह धरला. मुलाची भाषा आणि मुलाचे जग ज्याला परके नाही असा शिक्षक त्यांना हवा होता.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. रोज सकाळी मुलांना वाचावयास काही ताजे, आपल्याच जगातले मिळावे, एवढा साधा हेतू त्यामागे होता. इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने चालविलेल्या शाळेतील, इतर शाळांनी नापास करून हाकललेल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहिले. ते १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीतही आले. शाळा गरिबांची मुले कशी गाळून टाकते, याचा हिशेब त्या मुलांनी आकडेवारीनिशी मांडला. या तिन्ही उदाहरणांत साधने तुटपुंजी होती. मुलाने लिहिलेले कुणीतरी गुण देण्यासाठी नव्हे तर समजून घेण्यासाठी वाचील, ही हमी तेवढी होती. आत्मविश्वास त्या हमीतून येतो.

दोन आक्षेप

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की, बोलीचे कौतुक करून बहुजनांच्या मुलांना प्रमाण भाषेपासून वंचित ठेवण्याचा हा डाव आहे; न्यायालयात आणि मंत्रालयात ‘मना पानी पायजे’ चालणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, तीही उत्तम आली पाहिजे. कारण कायदा, वृत्तपत्र आणि विज्ञान त्या भाषेत आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाला आपले म्हणणे कागदावर मांडता येऊ द्यावे. मग ‘घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात’ असे शेजारी शेजारी ठेवून दाखवावे. तुलनेने शिकलेला नियम टिकतो, फुलीने शिकविलेला भीती मागे ठेवतो. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मुलांच्या बोलीचा मान राखून प्रमाण मराठीचे वाचन-लेखन शिकविण्याची पद्धत महाराष्ट्रातच, मराठी मुलांसाठीच विकसित केली. ती पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे. त्यांना इंग्रजी हवे आहे. बंदरात, रिसॉर्टमध्ये, कारखान्यात नोकरी हवी तर इंग्रजी लागते, असे ते म्हणतात. या पालकांची टिंगल करण्याचा अधिकार ज्यांची मुले इंग्रजी शाळांत शिकली त्यांना तर मुळीच नाही. परंतु एक सत्य त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे. ज्या मुलाला एका भाषेत अर्थ लावून वाचता येते त्याला दुसरी भाषा लवकर येते. ज्याला एकाही भाषेत अर्थ लागत नाही ते दोन भाषांत नक्कल करू लागते. गावोगावी निघालेल्या स्वस्त इंग्रजी शाळांतून असे दुहेरी नक्कल करणारे विद्यार्थी बाहेर पडत आहेत. राज्य सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा तिसरा बोजा लादण्याचा निर्णय घेतला आणि जनमताच्या रेट्यापुढे जूनअखेर संबंधित आदेश मागे घेतले. तो लढा योग्यच होता. मात्र मराठीच्या अस्मितेसाठी रस्त्यावर आलेल्यांनी मराठी शाळेतील तिसरीच्या मुलाला मराठी गोष्ट वाचता येते काय, हेही एकदा पाहून यावे.

शाळाच उरली नाही तर?

पद्धतीची चर्चा शाळा जाग्यावर असेल तरच करावयाची. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव शासनाने २०२३ साली पुढे आणला. अशा शाळांची राज्यातील संख्या पंधरा हजारांच्या आसपास होती. रायगडसारख्या डोंगर, खाडी आणि विखुरलेल्या वाड्यांच्या जिल्ह्यात याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आणि त्याखालील नियम पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे मानतात. खाडीपलीकडची शाळा नकाशावर जवळ असते. पावसाळ्यात ती परमुलूख होते. आणि वाहनभत्ता थकला की पहिली घरी बसते ती मुलगी.

कातकरी मुलांची कहाणी तर त्याहून कठीण आहे. पावसाळा संपून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती मृगाच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष एकमेकांस छेद देते. हजेरीपटावर नाव राहते, मूल विटा वाहते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवून दाखविल्या. जे एका संघटनेला जमले ते शिक्षणखात्याला कायमस्वरूपी व्यवस्था म्हणून का जमू नये, याचे उत्तर मिळालेले नाही.

शिक्षकांना दोषी ठरवून मोकळे होणेही सोपे आहे, आणि तितकेच अन्यायाचे आहे. एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, निवडणुकीच्या याद्या करतो, आणि वाचनाचा उपक्रम घेतल्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून वर पाठवितो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो; पुस्तके हारासह टेबलावर मांडली जातात आणि १६ तारखेला कपाटात जातात. पुस्तक हरवले तर वसुली शिक्षकाकडून होते, या भीतीने कपाटाला कुलूप लागते. कुलूपबंद पुस्तकाने वाचक कसा घडावा?

कार्यकर्त्यांचे काम

या संदर्भात पक्षाच्या आणि समविचारी संघटनांच्या कार्यकर्त्यांना शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत अशी तरतूद केली आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्रीचा दिवस करणारे कार्यकर्ते या समितीच्या बैठकीस फिरकत नाहीत, हे दुर्दैव आहे. कपाटाचे कुलूप काढा आणि हरवलेल्या पुस्तकाची वसुली बंद करा, एवढी एक मागणी प्रत्येक समितीतून झाली तरी पुष्कळ होईल.

दुसरे काम याहून सोपे आहे. वाडीतल्या शाळेत, समाजमंदिरात किंवा मच्छीमार सोसायटीच्या पडवीत आठवड्यातून एकदा मुलांचे भित्तिपत्रक लावावे. त्यात मुलांनी गावाची बातमी लिहावी: बांधाला खांड पडली, नळाला चार दिवस पाणी नाही, आजोबांनी निवटी पकडण्याची युक्ती सांगितली. पहिल्या दिवशी ‘पानी’ लिहिले तर लिहू द्यावे. गावाने ते उभे राहून वाचावे. आपले अक्षर वाचून सरपंचाने टँकर मागविला, हे ज्या मुलाने एकदा पाहिले त्याला वाचन-लेखनाचे महत्त्व पटवून देण्यासाठी कोणत्याही प्रेरणा दिनाची गरज राहणार नाही. शुद्धलेखनही ते स्वतःहून विचारावयास येईल, कारण आपले म्हणणे सर्वांना कळावे ही निकड तोवर त्याची स्वतःची झालेली असेल.

तिसरे काम शिक्षक संघटनांचे आहे. वेतन आणि बदल्या यांच्या मागण्या न्याय्य आहेत. त्यांच्या जोडीला अशैक्षणिक कामे बंद करण्याची आणि आगरी, कोळी, कातकरी बोलींतील शब्दांचे, गोष्टींचे साहित्य पहिली-दुसरीसाठी तयार करण्याची मागणी त्यांनी जाहीरनाम्यात अग्रभागी घेतली, तर पालक त्यांच्या मोर्चात सामील होतील.

चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमीन पडीक ठेवून खोताचा कागद निकामी केला. त्यांच्या नातवंडांच्या मुलांना आज कागद वाचता येतो की नाही, यावर त्या संपाचे फळ टिकणार आहे. जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी यासाठी ही चळवळ झगडली. लेखणीही कसणाऱ्याच्या हाती गेल्याशिवाय तो झगडा पुरा झाला असे कुणी म्हणू नये.